लिहावे किती, याआधी लिहावे कशावर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

छोट्या व्यावसायिकांनी स्वतःच्या संकेतस्थळावर नियमित लेखन करावे, असा सल्ला आपल्या उद्योगविषयक पुरवणीतून अधूनमधून दिला जातो. सल्ला योग्यच आहे. मात्र त्याचा सगळा भर आठवड्याला किती लेख, प्रत्येक लेख किती शब्दांचा आणि तो कोणत्या वारी प्रसिद्ध करायचा यांवर असतो. कशावर लिहायचे हा प्रश्न ‘आपल्या क्षेत्राशी संबंधित विषयांवर’ एवढ्या मोघम शब्दांत उरकला जातो. लहान व्यावसायिकांच्या लेखनाचे संपादन करणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे या उलट्या क्रमाचे परिणाम मी जवळून पाहते. वेळ मिळत नाही म्हणून लेखन बंद पडले, असे व्यावसायिक सांगतात. माझ्या पाहण्यात ते बहुतेक वेळा विषय न उरल्यामुळे बंद पडते, आणि विषय उरत नाहीत याचे कारण ते मुळात ठरवलेलेच नसतात.

नेहमी दिसणारे चित्र असे असते. संकेतस्थळ नवे असताना पहिला लेख व्यवसायाच्या स्थापनेची हकिगत सांगतो, दुसरा ‘आमचीच निवड का करावी’ हे पटवून देतो, तिसऱ्यात त्या वस्तूचे किंवा सेवेचे पाच-सात फायदे येतात आणि तिथेच शिदोरी संपते. मग दिनविशेषांच्या शुभेच्छा सुरू होतात, थोरामोठ्यांची वचने येतात, गाजणारी एखादी बातमी ओढूनताणून व्यवसायाशी जोडली जाते आणि एके दिवशी सगळे थांबते. अशा अर्धवट थांबलेल्या लेखनाने मुळीच न लिहिण्यापेक्षा अधिक नुकसान होते, कारण शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची आहे हे पाहून नवख्या ग्राहकाला हा व्यवसाय अजून चालू तरी आहे का, अशी शंका येते.

यावर उपाय म्हणून ‘लेखनासाठी शंभर कल्पना’ अशा थाटाच्या याद्या वाटल्या जातात. त्या कोणत्याही व्यवसायाला चालतात, म्हणूनच त्या कोणाच्याच उपयोगाच्या नसतात. मी स्वतः एक साधी कसोटी वापरते : लेखातील व्यवसायाचे नाव काढून तिथे प्रतिस्पर्ध्याचे नाव घातले आणि लेख जसाच्या तसा चालला, तर तो विषय आपला नव्हे. ही कसोटी लावली की हाती आलेल्या मजकुराचा मोठा भाग गळून पडतो. (‘आमच्या अनुभवी टीमकडून’ ही शब्दावली तर मी हल्ली पुढचे वाक्य न वाचताच खोडते.)

माझे म्हणणे एवढेच आहे की लेखनाचे वेळापत्रक आखण्यापूर्वी व्यावसायिकाने आपले तीन किंवा चार मुख्य विषय ठरवावेत, ते ग्राहकांच्या खरेदीपूर्वीच्या प्रश्नांमधून घ्यावेत आणि त्यांच्या बाहेर शक्यतो लिहूच नये.

ही कल्पना नवी नाही आणि इंटरनेटच्या काळातलीही नाही. शेतीची अवजारे बनवणारी जॉन डीअर ही अमेरिकी कंपनी १८९५ पासून शेतकऱ्यांसाठी नियतकालिक काढत आली आहे आणि त्याचा विषय नांगर नसून शेती हा आहे. फ्रान्समधील टायर बनवणाऱ्या मिशलँ बंधूंनी १९०० मध्ये वाहनचालकांसाठी मोफत मार्गदर्शिका छापली, तेव्हा त्या संपूर्ण देशात तीन हजारही मोटारी नव्हत्या. तिच्यात टायर कसा बदलावा, नकाशे, दुरुस्ती कुठे होईल, इंधन कुठे मिळेल आणि मुक्काम कुठे करता येईल ही माहिती होती. टायर विकणाऱ्याने टायरांची स्तुती छापली नाही. मोटार घेऊन बाहेर पडणाऱ्याला काय अडेल याचा विचार करून विषय ठरवले, कारण लोक जितके फिरतील तितके टायर झिजणार होते. व्यवसायाचे हित आणि वाचकाची गरज जिथे एकमेकांना छेदतात ती जागा या दोन्ही कंपन्यांना नेमकी सापडली होती. मोठ्या कंपन्यांची उदाहरणे छोट्यांना लागू होत नाहीत, असा आक्षेप येईल. परंतु ही जागा शोधायला पैसा लागत नाही, आणि रोज ग्राहकाशी स्वतः बोलणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला ती मोठ्या कंपनीपेक्षा लवकर दिसते.

ती कशी शोधावी, हे पाण्याच्या पंपांची विक्री आणि दुरुस्ती करणाऱ्या एखाद्या व्यवसायाच्या उदाहरणाने सांगते. अशा व्यावसायिकाला विषय सुचवायला सांगितले की तो ‘सेंट्रिफ्युगल पंपांचे प्रकार’, ‘ऊर्जाबचतीचे महत्त्व’, ‘आमची विक्रीपश्चात सेवा’ असे काहीतरी सांगतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढे उत्पादकाचे माहितीपत्रक असते. त्याच्या फोनजवळ एक वही ठेवावी, आणि जो फोन उचलतो त्याने महिनाभर प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत, व्याकरण न सुधारता, तिच्यात उतरवावा. वहीत पडतात ती वाक्ये अशी असतात : ‘मोटर चालू होते पण पाणी चढत नाही.’ ‘हूं हूं आवाज येतो, फिरत मात्र नाही.’ ‘कालपर्यंत चांगली होती, आज सारखी ट्रिप होतेय.’ ‘टाकी तिसऱ्या मजल्यावर आहे, एक एचपी पुरेल का?’ ‘वाइंडिंग जळाली म्हणतात, रिवाइंडिंग करून घेऊ की नवीनच घेऊ?’ आणि अर्थातच, ‘साधारण खर्च किती येईल?’ माहितीपत्रकातला एकही शब्द यांत नाही.

महिन्याअखेर हे प्रश्न चिठ्ठ्यांवर उतरवून टेबलावर पसरले की त्यांचे गठ्ठे आपोआप पडू लागतात. पहिला गठ्ठा बिघाड ओळखण्याचा. पाणी न चढण्यामागे फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाशी पाणी परत उतरू न देणारी झडप) गळणे, पाणी ओढून घेणाऱ्या म्हणजे सक्शनच्या पाइपात हवा शिरणे किंवा पाण्याची पातळी खाली जाणे अशी निरनिराळी कारणे असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. मोटर नुसताच आवाज करीत असेल तर कपॅसिटर गेलेला असू शकतो, किंवा बरेच दिवस बंद राहिल्यामुळे पंप आतून जाम झालेला असू शकतो. दुसरा गठ्ठा योग्य पंप निवडण्याचा आहे, आणि तिथे ग्राहकाच्या मनातला एक मोठा गैरसमज उघडा पडतो. जास्त एचपी म्हणजे जास्त पाणी, असे तो धरून चालतो. प्रत्यक्षात पाणी किती उंच चढवायचे आहे, पाइप किती लांब आणि किती व्यासाचा आहे, त्यात वळणे किती आहेत यांवर निवड ठरते, आणि गरजेपेक्षा मोठा पंप बसवला की विजेचा खर्च वाढत राहतो. याच गठ्ठ्यात आणखी एक जुना वाद सापडतो. जमिनीवर बसवलेला पंप कितीही मोठा घेतला तरी फार खोलवरचे पाणी ओढू शकत नाही, कारण ते पाणी पंप ओढत नसतो, हवेचा दाब ते वर ढकलत असतो. समुद्रसपाटीला तो दाब पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंचीचा स्तंभ पेलतो, आणि पाइपातील घर्षण वगैरे वजा जाता व्यवहारात ७ ते ८ मीटरच हाती लागतात. पाणी त्याखाली गेले की पाण्यात बुडवून ठेवायचा पंप किंवा जेट पंप घ्यावा लागतो. हे चित्रासह नीट समजावणारा एक लेख त्या व्यावसायिकाची फोनवरची कितीतरी हुज्जत वाचवील. शिवाय भौतिकशास्त्राचा हा नियम बदलणार नसल्यामुळे तो लेख शिळाही होणार नाही.

तिसरा गठ्ठा दुरुस्ती की नवी खरेदी हा आहे, आणि चौथा देखभालीचा, जो सहसा बारीकच असतो, कारण वस्तू बिघडेपर्यंत तिच्याविषयी विचारायला कोणी फोन करत नाही. तरीही तो ठेवावा असे मला वाटते, कारण विक्री झालेल्या ग्राहकाला पाठवण्यासारखा तोच एक विषय असतो. या चार विषयांत त्या व्यावसायिकाला दोन-तीन वर्षे पुरेल एवढे लेखन आहे, आणि त्यासाठी त्याला कोणत्याही ‘कल्पनांच्या यादी’कडे पाहावे लागत नाही.

फोनची वही हे एक साधन झाले. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले जुने संदेश, दरपत्रक मागवून परत न फिरकलेल्यांची नावे, विक्रीनंतरच्या तक्रारी आणि परत आलेल्या मालाची कारणे यांतूनही प्रश्न मिळतात. माझ्या मते यांतील सर्वांत मौल्यवान कागद म्हणजे नाकारली गेलेली दरपत्रके होत. ग्राहक कुठे अडला, कशाने साशंक झाला किंवा दुसऱ्याकडचे काय त्याला अधिक भावले, हे एक फोन करून नम्रपणे विचारले तर बरेच जण सांगतात, आणि त्या उत्तरातून निघणारा विषय दुसऱ्या कुठूनही हाती लागत नाही.

विषयाचा आवाका ठरवताना मात्र तारतम्य लागते. चष्म्याच्या व्यावसायिकाने ‘डोळ्यांचे आरोग्य’ हा मुख्य विषय घेतला, तर त्याला नेत्रतज्ज्ञांशी आणि रुग्णालयांशी स्पर्धा करावी लागेल आणि जिथे आपला अधिकार नाही तिथे बोलावे लागेल. उलट ‘काचेवरील परावर्तनरोधक लेप’ एवढाच विषय घेतला, तर तो दोन-तीन लेखांत संपेल. या दोहोंच्या मध्ये ‘प्रोग्रेसिव्ह काचांची (म्हणजे दूरचे आणि जवळचे एकाच काचेतून दाखवणाऱ्या काचांची) निवड, मोजमाप आणि सवय’ असा विषय आहे. त्यात सुरुवातीचे काही दिवस कडेची दृष्टी धूसर का वाटते, पायऱ्या उतरताना गोंधळल्यासारखे का होते, डोळ्यांच्या बाहुल्यांमधले अंतर आणि काच बसवण्याची उंची चुकली तर काय बिघडते, कोणती फ्रेम चालणार नाही, असे प्रश्न येतात, आणि या सगळ्यांची उत्तरे तो काउंटरवर रोज तोंडी देतच असतो. विषय इतका रुंद हवा की त्यात पंधरा-वीस प्रश्न मावतील, आणि इतका अरुंद हवा की त्यातल्या कोणत्याही प्रश्नाला आपल्याला स्वानुभवातून उत्तर देता येईल.

काही व्यवसायांत ज्ञानाला मुदत असते. कर सल्लागाराचे लेख दर वर्षी नियम बदलले की कालबाह्य होतात, आणि जुना आकडा छापलेला लेख वाचकाची दिशाभूल करतो. अशा व्यावसायिकाने न बदलणाऱ्या बाबींभोवती, म्हणजे कोणते कागद का जपायचे, नोंदी कशा ठेवायच्या, सल्लागाराकडे येताना काय घेऊन यायचे, यांभोवती मुख्य विषय रचावेत, आणि दरवर्षी बदलणारी माहिती एकाच ठिकाणी ठेवून तेवढीच अद्ययावत करावी. लेखाच्या माथ्यावर दुरुस्तीची तारीख टाकणे हा त्याच शिस्तीचा भाग आहे.

आता ज्या विषयांना हात लावायला व्यावसायिक सर्वाधिक कचरतात, त्यांच्याविषयी लिहिणे भाग आहे. ते आहेत किंमत, दोन पर्यायांची तुलना आणि आपल्या मालाच्या किंवा सेवेच्या मर्यादा. किंमत लिहिली तर स्पर्धकाला कळेल, हे पहिले कारण दिले जाते. स्पर्धकाला ती आधीच ठाऊक असते, ठाऊक नसते ती ग्राहकाला. प्रत्येक कामाची किंमत वेगळी पडते, हे दुसरे कारण, आणि ते खरे आहे. पण मग ती कशाकशाने वेगळी पडते हेच तर लिहायचे आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात फायबरग्लासचे पोहण्याचे तलाव बसवणाऱ्या रिव्हर पूल्स या छोट्या कंपनीचे मार्कस शेरिडन यांनी २००८ च्या आर्थिक संकटानंतर, व्यवसाय बुडण्याच्या बेतात असताना, ग्राहक विचारत असलेल्या प्रत्येक प्रश्नाचे लेखी उत्तर देण्याचा मार्ग धरला. तलावाला खर्च किती येतो, फायबरग्लासच्या तलावांत कोणते दोष असतात, काँक्रीटचा तलाव कोणाला अधिक योग्य, हे सारे प्रश्न त्यांत आले. त्या क्षेत्रात असे उघडपणे लिहिण्याची रीत नव्हती. व्यवसाय तर टिकलाच, पण ग्राहकांच्या प्रश्नांमधून लेखनाचे विषय घेण्याच्या पद्धतीचे ते पुढे नेहमी दिले जाणारे उदाहरण झाले.

मर्यादांवर लिहिण्याचा एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. ‘आम्ही कोणती कामे घेत नाही’ असा लेख ज्याच्याकडे आहे, त्याचा फोनवरचा कितीतरी वेळ वाचतो, आणि जो ग्राहक तो लेख वाचूनही येतो तो बोलणी अर्धी पार करूनच आलेला असतो.

सगळेच लिहून टाकले तर ग्राहक आपल्याकडे येईल कशाला, ही भीतीही ऐकू येते. ज्याला दुरुस्ती स्वतःच करायची आहे, तो आपल्याकडे तसाही येणार नव्हता. उरलेल्यांना लेख वाचून त्या कामात काय काय लागते याचा अंदाज येतो आणि ते काम जाणत्याकडेच द्यावे असे वाटते. या भीतीत तथ्याचा एक अंश मात्र आहे, आणि तो वेगळ्या ठिकाणी लागू पडतो. ‘घरच्या घरी मोटर रिवाइंड कशी करावी’ हा लेख भरपूर वाचला जाईल, पण वाचणाऱ्यांत ग्राहक जवळजवळ नसतील, आणि विजेशी खेळून कोणाला इजा झाली तर जबाबदारीचा प्रश्न निराळाच. वाचकसंख्या आणि व्यवसायाचा उपयोग हे दोन वेगळे हिशेब आहेत. मुख्य विषय निवडताना दुसरा हिशेब धरायचा असतो. एखाद्या लेखाचे वाचक थोडेच असले, पण ते त्याच आठवड्यात पंप घेणार असले, तर तो लेख हजारोंनी सहज वाचून सोडून दिलेल्या लेखापेक्षा कामाचा.

याच कारणाने शोधशब्दांची साधने हाती घेऊन विषय ठरवण्याची पद्धत छोट्या व्यवसायाला मला अपुरी वाटते. ती साधने उपयोगाची आहेत, पण त्यांचा नंबर दुसरा. लोक कोणता शब्द जास्त शोधतात हे त्यांतून कळते, आणि त्या शब्दांवर आधीच मोठ्या कंपन्या ठाण मांडून बसलेल्या असतात. उलट वहीत सापडलेला नेमका, लांबलचक प्रश्न साधनात टाकला तर त्यापुढे शोधांची संख्या अनेकदा शून्य दिसते, आणि व्यावसायिक तो विषय सोडून देतो. रोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध पूर्वी कधीच झालेले नसतात, असे गूगलने वारंवार सांगितले आहे. लोक आपल्या शब्दांत, आपल्या अडचणीसकट विचारतात, आणि त्यामुळे त्या शून्याचा अर्थ ‘कोणी विचारत नाही’ असा होत नाही. लेखन सुरू झाल्यावर मात्र गूगलच्या सर्च कन्सोल या मोफत साधनाकडे जरूर पाहावे. आपले पान कोणत्या शब्दांच्या शोधात दिसले आणि किती जणांनी ते उघडले, याची मागील १६ महिन्यांपर्यंतची नोंद तिथे मिळते, आणि ठरवलेल्या विषयांपैकी कोणता रुजतो आहे हे त्यावरून समजते.

शोधयंत्रांचा कलही बरीच वर्षे याच दिशेने आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने ‘पांडा’ नावाचा बदल आणला, तेव्हा केवळ शोधात दिसण्यासाठी रतीब घातल्यासारखा लिहिलेला पातळ मजकूर खाली गेला. डिसेंबर २०२२ मध्ये, शोधाचे निकाल तपासणाऱ्या परीक्षकांसाठीच्या सूचनांत तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता यांच्या जोडीला प्रत्यक्ष अनुभव हा निकष घालण्यात आला. मार्च २०२४ मध्ये, वाचकाच्या उपयोगासाठी नव्हे तर निकालात वर येण्यासाठी घाऊक प्रमाणात तयार केलेला मजकूर, मग तो यंत्राने लिहिलेला असो वा माणसांनी, नियमभंग ठरेल असे स्पष्ट करण्यात आले. चॅटजीपीटीसारखी साधने नोव्हेंबर २०२२ पासून सर्वांच्या हाती आल्यावर ‘पंपांचे प्रकार’ या विषयावरचा बरा लेख कोणालाही मिनिटभरात मिळतो; म्हणूनच तो लिहिण्यात छोट्या व्यावसायिकाने एक संध्याकाळही घालवू नये. उघडलेल्या पंपाच्या पंख्यात अडकलेल्या खड्याचे छायाचित्र त्याच्याच फोनमध्ये असते आणि त्याने काढलेला निदानाचा क्रम त्यालाच ठाऊक असतो.

मांडणीविषयी थोडक्यात. प्रत्येक मुख्य विषयावर एक सविस्तर लेख असावा, आणि त्यातील एकेका उपप्रश्नावरचे छोटे लेख त्याला दुव्यांनी जोडलेले असावेत. विपणनाचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या हबस्पॉट या कंपनीने २०१७ च्या सुमारास ही रचना लोकप्रिय केली आणि छोट्या व्यवसायाला ती पेलते. सविस्तर लेख आधी लिहिण्याचा अट्टहास नको; मी तरी छोटे पाच-सहा लेख झाल्यावरच तो लिहायला सांगते, कारण तोवर त्या विषयाचा खरा नकाशा कळलेला नसतो. एकाच प्रश्नावर दोन लेख झाले असतील तर ते एकमेकांच्या वाटेत येतात. ते एकत्र करावेत आणि जुन्या लेखाचा दुवा उघडणारा वाचक आपोआप नव्या लेखावर पोहोचेल अशी सोय करावी. ज्या काळात मागणी वाढते त्याच्या दोन-तीन महिने आधी त्या विषयाचे लेख तयार असावेत, कारण नवे पान शोधयंत्राच्या नजरेत यायला वेळ लागतो. वारंवारतेविषयी विचाराल तर महिन्यातून दोन लेख पुरेसे आहेत, आणि एखाद्या महिन्यात नवा लेख न लिहिता जुना दुरुस्त केला तरी बिघडत नाही.

विषय कोणी ठरवावेत, हा प्रश्न मला यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. लेखनाचे काम बाहेर सोपवण्यात गैर काही नाही, मी स्वतः त्यावरच उपजीविका करते. परंतु विषय ठरवण्याचे काम बाहेर सोपवले की ठरावीक साचा येतो, कारण बाहेरच्या माणसापुढे ती वही नसते. मालकाने आणि रोज ग्राहकाशी बोलणाऱ्या कर्मचाऱ्याने एकत्र बसून चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावावेत, प्रत्येक प्रश्नाचे उत्तर फोनवर देतात तसे बोलून ध्वनिमुद्रित करावे, आणि मग ते लेखकाकडे द्यावे. असा मजकूर संपादित करायला मला अधिक वेळ लागतो, तरी मी तोच मागते. यात कर्मचाऱ्याचा वाटा मोठा असतो. मालकाला वाटते की ग्राहक गुणवत्तेविषयी विचारतात. फोन उचलणाऱ्याला माहीत असते की ते बहुतेक वेळा ‘माणूस कधी पाठवता’ एवढेच विचारतात, आणि त्या एका प्रश्नातूनही ‘आमचा माणूस येईपर्यंत काय करावे आणि कशाला हात लावू नये’ असा उत्तम लेख निघतो.

ठरवलेले विषय कायमचे नसतात, हेही नमूद करायला हवे. वर्षातून एकदा पुन्हा महिनाभर वही लिहावी आणि गठ्ठे नव्याने लावून पाहावेत. एखाद्या विषयावरचे प्रश्न यायचे थांबले असतील तर उत्तरे नीट दिली गेली म्हणून थांबले की मागणीच संपली म्हणून, हे आधी तपासावे. पहिल्या कारणाने थांबले असतील तर ते लेख राखावेत आणि नवे लिहू नयेत. दुसऱ्या कारणाने थांबले असतील तर तो विषय बंद करून त्याची जागा नव्या गठ्ठ्याला द्यावी. व्यवसायाने नवी सेवा सुरू केली म्हणून लगेच पाचवा विषय उघडू नये. तिच्याविषयी ग्राहक काय विचारतात हे कळायला काही महिने जावे लागतात.

आपल्या पुरवणीचा वाचकवर्ग मोठा आहे आणि त्यातील सल्ला छोटे व्यावसायिक मनावर घेतात, हे मला माझ्या कामातून माहीत आहे. म्हणून विनंती अशी, की या विषयावर पुन्हा मजकूर येईल तेव्हा महिन्याच्या वेळापत्रकाच्या तक्त्याआधी, निरनिराळ्या व्यवसायांत फोनवर कोणते प्रश्न येतात आणि त्यांतून कोणते विषय निघाले, याचे दोन-चार प्रत्यक्ष नमुने त्या-त्या व्यावसायिकांकडूनच मागवून छापावेत.

आपली विश्वासू,
एक वाचक